एक मामा जाडीचा थर

पुसून टाका की सर ते व्हिडिओ, खुशाल पुसा. मला कशाला विचारताय? मी या दगडांच्या डिपार्टमेंटचा शिपाई होतो, तोही आता निवृत्त — माझ्या होकारानं काय अडलंय? तुम्ही मला बोलावलंत ते कुठला व्हिडिओ कुठल्या टेकडीवरचा हे सांगायला. ते मी सांगितलं. तुमच्या जागी आधी होत्या त्या मॅडमनी प्रत्येक व्हिडिओला नुसतं 'मामा', 'मामा' असंच नाव देऊन ठेवलंय, त्यावरून तुम्हाला तरी काय कळणार. तर हा नदीकाठचा, हा खाणीतला, आणि हे सगळे रस्त्यासाठी टेकडी कापली तिथले — झालं माझं काम. आता एकेक पुसा नाहीतर सगळे एकदम पुसा. जरा बसतो इथं, गुडघा धरलाय. तुमचं चालू द्या. एक विचारू का — इथं पुसलं की फोनवर दिसायचंही बंद होतं का? म्हणजे एखादा घरी बसून फोनवर लावत असेल, तर? होतं. सगळीकडूनच जातं. बरं. नाही, सहज विचारलं.

खरं सांगू — मला हे व्हिडिओ प्रकरण पहिल्यापासूनच पटलं नाही. मॅडमना तोंडावर सांगितलंय मी. त्या आता निवृत्त होऊन लेकीकडे जाऊन राहिल्यात, म्हणून मागं बोलतोय असं समजू नका. समोर होत्या तेव्हाही बोलायचो. म्हटलं, मॅडम, दगड बघायचा तर दगडापाशी जायचं. पूर्वी कसं होतं — गाडी निघायची, मी मागच्या बाकावर हातोड्यांची पेटी मांडीशी धरून. पोरं गाडीत ओकायची, टोपी विसरायची, पाणी विसरायची, टेकडी चढायला चपला घालून यायची — बघा अक्कल — पण संध्याकाळी उतरताना प्रत्येकाच्या खिशात दगड असायचा. खिसा फाटला तरी चालेल, दगड टाकायची नाहीत. मग ते बंद झालं. का? गाडी जुनी झाली, मुलं वाढली, परवानग्या वाढल्या. एका मुलीचा पाय मुरगळला तर तिचे वडील वरच्या साहेबांच्या खोलीत जाऊन बसले, उठेचनात. वरून हुकूम आला, व्हिडिओ करा. मॅडम म्हणाल्या, मामा, आता आपण दोघंच जायचं, आणि ड्रायव्हर. त्यांच्या आवाजावरून मला वाटलं, कुणीतरी गेलंय घरात.

आणि ही पोरं ते बघतात कशी? पलंगावर लोळत बघतात. डोंगर अंगठ्यानं वर ढकलतात. इथंच, बाहेरच्या बाकावर, एकजण बसला होता, आणि मॅडमचा आवाज असा चिमणीसारखा येत होता, चिव चिव चिव. मी म्हटलं, काय रे, बिघडला का? तर म्हणाला, नाही मामा, दुप्पट वेगानं लावलाय. दुप्पट वेगानं. तो दगड व्हायला किती वर्षं लागली ते सांगताना मॅडमनाही दम लागायचा, आणि या महाराजांना तेवढा वेळ बसवत नाही. बरं, म्हटलं, वाचलेल्या वेळाचं काय करतोस? तर म्हणाला, दुसरा व्हिडिओ बघतो. तो कसा? तोही दुप्पट.

आणि दगड नुसता बघायचा असतो होय? तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला मी काय सांगणार — पण मॅडम टेकडीवर पोचल्या की पहिल्यांदा काय करायच्या, तांबड्या थराचा एक कपचा उचलायच्या, फुंकर मारायच्या आणि जिभेला लावायच्या. मग पोरांना लावायला सांगायच्या. चिखलाचा दगड झालेला असेल तर जिभेला चिकटतो, वाळूचा असेल तर दातात कचकच लागते. पोरी तोंडं वाकडी करायच्या, पोरं एकमेकांना म्हणायची, मीठ आण रे जरा. पण ज्यानं जीभ लावली तो जन्मात विसरला नाही. आता काय, व्हिडिओत मॅडम जीभ लावतात आणि पोरं बघतात. बघून काय कळणार — मॅडमची जीभ कळणार. मी एकाला विचारलंही, तू काय करणार रे आता, पडदा चाटणार?

तुमचा चहा निवला सर. घ्या. ती काठी चांगली आहे तुमची — ती हो, दाराला टेकवलेली, लाल-पांढरी. नवीन दिसते. आकडेही आहेत वाटतं तिच्यावर. हां, तुम्ही सकाळी म्हणालात ते मी ऐकलं — माणूस हे काही माप नव्हे, म्हणून जुने सगळे बाद, उद्यापासून काठी ठेवून नवे घ्यायचे. बरोबर आहे. काठी बरी. तिला घाम येत नाही. पण मी तिथं उभा का राहायला लागलो ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. माझी हौस नव्हती ती.

मॅडमनी पहिला व्हिडिओ केला तो दगडाच्या घडीचा. दगडाला घडी पडते, सर — हां, तुम्हाला माहीत असणारच, मी आपला सवयीनं बोलतो. तर ती घडी केवढी? ही, माझ्या तळहाताएवढी. मॅडमनी कॅमेरा अगदी जवळ नेऊन घेतली. वर्गात दिवे घालवले, पडदा भरून ती घडी लावली आणि विचारलं, काय दिसतंय? सगळी म्हणाली, डोंगर. एकजण म्हणाला, वर पोचायला दिवस जाईल. एकीनं वहीत चित्र काढून त्याला पायवाटसुद्धा दाखवली. मॅडम हसू दाबून गप्प. आणि तेवढ्यात त्या डोंगराच्या उतारावरून एक मुंगी आली चालत. बैलाएवढी मुंगी. एक पोरगी किंचाळली, दोघांनी पाय वर घेतले. मी दाराशी उभा होतो, हसता हसता मला खोकला लागला. आणि यांना म्हणायचं विद्यापीठात शिकणारी मुलं.

त्या दिवसापासून मॅडमचा नियम — मापाशिवाय दगड घ्यायचा नाही. शेजारी काहीतरी ओळखीचं पाहिजे, म्हणजे दगड केवढा ते कळतं. त्याला त्या स्केल म्हणायच्या. आधी नाणं ठेवून बघितलं, ते उन्हात नुसतं चमकायचं. मग हातोडा ठेवला. तो हातोडा टेकडीवरच राहिला — ड्रायव्हर म्हणतो मी विसरलो, मी म्हणतो तो विसरला, ते जाऊ द्या. मग मॅडम म्हणाल्या, 'मामा, तुम्हीच उभे राहा. तुम्ही हलत नाही, बोलत नाही आणि हरवत नाही.' झालं. झालो मी स्केल. जिथं मॅडम बोट दाखवतील तिथं जाऊन उभं राहायचं. ताकीद एकच — कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की तोंड मिटायचं. एकदा मला शिंक आली आणि पाठोपाठ मी 'अरे देवा' म्हटलं, तर सगळं पहिल्यापासून पुन्हा घेतलं त्यांनी. म्हणाल्या, 'स्केलनं बोलायचं नसतं, मामा.' तेव्हापासून दिवा लागला की मी गप्प. आता काय बोलतोय ते बोलतोय, पण दिवा लागल्यावर ऐकलंय का कुणी माझा आवाज? सगळे लावून बघा. म्हणजे पुसायच्या आधी बघायचे असतील तर.

मग मुलांनी काय केलं — माझंच माप करून टाकलं. हा थर अर्धा मामा, तो कडा सात मामा, ती भेग पाऊण मामा. थट्टेनं सुरू झालं आणि मग परीक्षेत लिहायला लागली. बाहेरून पेपर तपासायला एक सर आले होते, त्यांनी मॅडमना विचारलं, हे मामा म्हणजे कुठलं एकक? तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो. मॅडम म्हणाल्या, 'हे.' त्या सरांनी मला खालून वर असं बघितलं आणि मार्क दिले. अहो, एकदा तर चार-पाच पोरं आपली आपण ती टेकडी बघायला गेली. व्हिडिओ तोंडपाठ. परत येऊन मला म्हणतात, मामा, तुमची टेकडी सापडलीच नाही. अरे, म्हटलं, रस्त्याला लागून आहे, तिथं ट्रक थांबतात, आंधळ्यालासुद्धा सापडेल. तर म्हणाली, तुम्ही कुठं तिथं उभे होतात, ओळखणार कशी? घ्या. हे शिक्षण.

एवढे व्हिडिओ झाले, त्यातून कोण शिकलं? तुम्ही सांगा. एक माणूस दाखवा मला. कुणीही नाही. एक सोडून.

एक म्हणजे — आमची ही. मुलांची आई. नाही, ती कुठली शिकायला, शाळेचं तोंड बघितलं असेल तेवढंच. तिचे पाय गेलेत, सर. पलंगावरून दारापर्यंत न्यायचं तर मी आणि सून, दोघं लागतो. खिडकी आहे, पण खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, नुसतं प्लास्टर. मॅडम तिला भेटायला आल्या होत्या तेव्हा हिनं त्यांना विचारलं, यांना उन्हातान्हात नेता कुठं हो तुम्ही? मॅडमनी सुनेच्या फोनवर लावून दिलं. तेव्हापासून धरलंय. संध्याकाळी दिवे लागले की सून पाण्याच्या भांड्याला टेकवून फोन ठेवते आणि ही बघत बसते. मी नाही बघत. मी शेजारी बसलेला असतो, त्यामुळे दिसतं तेवढं दिसतं.

पहिल्या पहिल्यांदा ती दगड बघतच नव्हती. माझे कपडे बघायची. कॉलर उलटी आहे, कुणी सांगितलं कसं नाही. टोपी कुठाय, डोकं तापतं ना तुमचं. हा शर्ट अजून टाकला नाहीत? मी म्हणायचो, अगं, मॅडम काय सांगताहेत ते ऐक, तो दगड बघ. तर म्हणाली, 'दगडाला काय बघायचं, तो कुठं जातोय?' पण मग ऐकायला लागली. कसं ऐकते माहितीये — आपल्याशी कुणी बोलतंय असं ऐकते, मधेमधे मान हलवते, मॅडम थांबल्या की 'बरं' म्हणते. सून एकदा चादरींची चवड कपाटात लावत होती, तर ही पलंगावरून म्हणाली, खालची आधी ठेवलेली, वरची नंतर, आणि दोन्हीकडून दाबलीस तर बघ कशी घडी पडते, तसंच दगडाचं. सून बघतच राहिली. एकदा सुनेचा चुकून हात लागला आणि तो चिमणीचा आवाज सुरू झाला, तर हिनं फोन पालथाच घातला. म्हणाली, 'बाई एवढी जीव तोडून सांगतेय आणि तिला पळवता कशाला?' मग तिला तो तांबडा दगड पाहिजे झाला. मी टेकडीवरून आणून दिला. तिनं पुसला आणि जिभेला लावला. चिकटला. तोंडातनं काढेना. मला म्हणाली, 'अहो, चिखल आहे हा.' अशा तोंडानं म्हणाली, जसा काही तिनंच शोधून काढला. उशापाशी ठेवलाय अजून. सून आधी नाक मुरडायची, आता रोज पुसून ठेवते.

आता तुम्ही म्हणता ना, मामा हे माप चुकतंय — ते पहिल्यांदा कळलं कसं, तेही ऐका. त्या कापलेल्या टेकडीचे इतके व्हिडिओ का आहेत? तर दर काही वर्षांनी नवा कॅमेरा यायचा आणि मॅडम तेच पुन्हा घ्यायच्या. रस्त्यापासून जरा चढून गेलं की दगडाची एक पायरी आहे, तिच्यावर मी. माझ्या मागं तांबडा थर. वर पांढरा पट्टा, ज्वालामुखीच्या राखेचा, सुरीनं ओढल्यासारखा सरळ. पायरीपासून पट्ट्यापर्यंत थर किती जाड, ते मुलांनी माझ्यावरून काढायचं. पहिल्या व्हिडिओत पट्टा इथं, कपाळावर, केस सुरू होतात तिथं. मुलांनी लिहिलं, एक मामाला जरा कमी. पुढच्या व्हिडिओत पट्टा टाळूला टेकलेला. मुलांनी लिहिलं, एक मामा पुरा. आणि शेवटचा जो घेतला त्यात पट्टा माझ्या डोक्याच्या वर बोटभर. एक मामा आणि वर थोडा. मॅडम सगळे जुने-नवे पेपर पसरून बसल्या. थर वाढतोय. दगडाचा थर जाड होतोय, सर, दर कॅमेऱ्यागणिक.

मग काय विचारता. शेजारच्या खोलीतले दोन सर आले. एक म्हणाले, पायरी झिजली. दुसरे म्हणाले, पायरी झिजायला आपल्या सगळ्यांना मरून पुन्हा जन्मावं लागेल. पहिल्यांनी हट्टानं एका मुलाला त्या पायरीच्या झिजेवर काम करायला दिलं. तो बिचारा टेप घेऊन त्या पायरीशी बसायचा, ट्रकवाले त्याला खालून विचारायचे, काय हरवलं? मॅडमना वाटलं कॅमेरा वाकडा लागला असेल. मग वाटलं माझे बूट. बूट काढायला लावले मला. टाच झिजली का बघायला बुटाचा तळ उलटा करून तीन शिकलेली माणसं खिडकीशी उभी, आणि मी मोज्यांवर, इथंच, या फरशीवर. मलाही काही कळलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मीही म्हणत होतो, कॅमेराच वाकडा.

घरी जाऊन हिला ती बुटांची गंमत सांगितली. वाटलं हसेल. हसली नाही. सुनेला म्हणाली, तो जुना लाव. मग म्हणाली, नवा लाव. पुन्हा जुना. मग फोन बाजूला ठेवायला सांगितला आणि मला म्हणाली, 'दगड कशाला वाढेल? तुम्ही कमी झालात.' मी म्हटलं, काहीतरीच काय. म्हणाली, 'मला केव्हाचं दिसतंय. पँटी खाली लोळायला लागल्या होत्या तुमच्या. सूनबाईकडून दुमडून शिवून घेतल्या. तुम्हाला सांगितलं नाही.' आता बघा — माझ्या पँटी घरात दोन बायका गुपचूप आखूड करताहेत, मला पत्ता नाही, आणि इथं तिघं माझा बूट बघताहेत.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. म्हटलं, आमची ही असं म्हणते. मला वाटलं हसतील. मॅडम उठल्या, मला त्या दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिलीनं खूण केली. ती बघा, अजून आहे, कडीच्या वर. मग मला खुर्ची दिली. त्या उभ्याच. नोकरीला लागलो तेव्हा माझी उंची मोजलेली होती, ती त्यांनी कुठूनतरी काढली, बघितली आणि ठेवून दिली. म्हणाल्या, 'इतकी वर्षं आपण तुमच्यावरून दगड मोजत होतो, मामा.' आणि चष्मा पुसत राहिल्या. त्या टेकडीचा व्हिडिओ मात्र त्यांनी नंतर कधी घेतला नाही. मला म्हणाल्या, चढ तुम्हाला झेपत नाही आता. चढ झेपत नाही हे खरंच आहे. पण ते कारण नव्हतं.

तर असं आहे. म्हणून म्हणतो, पुसा. तुमची काठी कमी होणार नाही. आमच्या हिलाही आता सगळे कुठं लागतात. एकच लावायला सांगते. टेकडीचा, पहिला. पट्टा कपाळावर असलेला. त्यात मी जरा बरा उभा आहे. केस आहेत. मॅडम दगडाबद्दल सांगत असतात, ते तिला पाठ आहे सगळं, मॅडमच्या आधी हीच म्हणते. पण शेवटी कॅमेरा मागं मागं जातो ना, मी पायापासून डोक्यापर्यंत दिसतो — तिथं सुनेला थांबवायला सांगते. आणि म्हणते, 'हे बघ, यात पूर्ण आहेत.' रोज म्हणते. सून रोज 'हो' म्हणते.

का थांबलात? पुसा ना. माझ्याकडे काय बघताय, मी आपला वेळ जावा म्हणून बोलत होतो. म्हातारा माणूस, खुर्ची मिळाली की बोलतो. संध्याकाळी ती व्हिडिओ लावायला सांगेल आणि लागणार नाही, तर सांगेन फोन बिघडलाय. सुनेला विचारेल ती. सून खोटं बोलत नाही, ती एक अडचण आहे. पण बघू. किंवा असं — तेवढा एक ठेवता येत असला तर बघा. एकच. मुलांना दाखवू नका, कुठंतरी मागं पडून राहू दे. आणि नसेल जमत तर राहू द्या. मी मागितलं असं समजू नका.

काय म्हणता? सावकाश सांगा, मला तुमच्यासारखं भराभर कळत नाही. उद्या तुम्ही टेकडीवर काठी लावणार. पायरीपासून पट्ट्यापर्यंत. बरं. दगड तर तोच आहे, पट्टा हललेला नाही. म्हणजे तो थर काठीनं एकदा पक्का मोजला की प्रत्येक व्हिडिओत मी केवढा होतो ते उलटं काढता येईल — दगडावरून मी. आणि मी त्या त्या वर्षी केवढा ते कळलं, की त्या वर्षीचे बाकीचे दगडही मापात बसतील. नदीकाठचे, खाणीतले. हां. म्हणजे पुसायची गरज नाही. एकही? एकही नाही.

बघा. एवढं सोपं होतं, आणि मॅडमना सुचलं नाही. एवढ्या हुशार बाई. नाही — सुचलं असेल हो. त्यांना न सुचायला काय झालं. सुचलं असेल आणि केलं नसेल. माझा आकडा दर वेळचा खाली खाली मुलांपुढं मांडायचा म्हणजे — जाऊ द्या. त्यांचं त्यांच्यापाशी. तुम्ही मांडा. तुम्ही नवे आहात, तुम्हाला तेवढं काही वाटायचं नाही. हसू नका, मी चांगल्या अर्थानं म्हटलं.

आता आणखी काय? उद्या मी येणार नाही, ते विचारूच नका. तो चढ मला होत नाही, आणि मला दोघांनी धरून वर नेणार, म्हणजे व्हिडिओ माझा होईल, दगडाचा नाही. इथं? आत्ता? त्या काठीशेजारी? कशाला — शेवटचं माप पण पाहिजे म्हणता. आत्ता मी केवढा, काठीसकट. हे म्हणजे अवघड आहे तुमचं. आधी सांगितलं असतंत तर शर्ट बरा घातला असता. चला. हात द्या जरा उठायला. गुडघा, बाकी काही नाही.

काठी कुठल्या बाजूला? डाव्या. आणि टाचा चौकटीला लावायच्या, ते मला माहीत आहे, शिकवू नका. त्या पेन्सिलीच्या खुणेकडे बघू नका, काठीकडे बघा. वाचलात? नका सांगू. आकडा मला सांगू नका. घरी गेल्या गेल्या विचारेल ती, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. माहीत नाही म्हटलेलं बरं. आणि हे सुनेच्या फोनवर येईल ना? येईल. कधी? आजच, संध्याकाळपर्यंत? मग थांबा, एवढी घाई काय आहे तुम्हाला, तुम्हीही दुप्पट वेगाचेच. ती कॉलर बघा माझी. मागून, मागून. आत गेलीय ना? काढा. ती पहिल्यांदा तेच बघणार. झाली सरळ? बरं. सरका मागं. अजून मागं जा सर, पाय दिसले पाहिजेत. आणि मी काय सांगत होतो — लाल दिवा लागला की मला खूण करा, म्हणजे मी —